शुक्रवारी गेलेली लाइन

भाग्यलक्ष्मीबाईंची शाळा दुसरीपर्यंत, तीही कानडी. बसची पाटी त्या अक्षराला अक्षर लावून वाचत, आणि इंग्रजी म्हणजे त्यांना नुसत्या मुंग्या. तरी बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या त्या घरात मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेसहाला कॉम्प्युटरपुढे बसायचा मान त्यांचाच. त्या वेताच्या खुर्चीत, सून मुग्धा शेजारी स्टुलावर. बाई बोलायच्या, सून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची, आणि पलीकडून आलेलं वाचून दाखवायची. पलीकडे होती वीणा. पुण्याच्या एका शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, आता नवऱ्याला घेऊन कॅनडात मुलाकडे राहणारी.

ओळख तीन वर्षांपूर्वीची. मराठी मंडळींच्या चॅटरूममध्ये कुणीतरी पुरणपोळी फाटते म्हणून रडत होतं. मागून जाता जाता बाई म्हणाल्या, पोळीला काय दोष, लाटणारीचं लक्ष फाटकं असेल. मुग्धानं गंमत म्हणून ते सासूच्या नावानं टाकलं. वीणाला ते इतकं आवडलं की तिनं लगेच विचारलं, या वयात तुम्ही स्वतः लिहिता की काय? बाईंनी ठसक्यात उत्तर दिलं, मग काय माझं भूत लिहितंय? मुग्धानं तेही लिहिलं. खोटं असं थट्टेच्या चपला घालून घरात शिरलं, आणि पुढे त्याला बाहेर काढायला मुहूर्त म्हणून सापडला नाही.

महिन्याभरात अहो-जाहो गळून पडलं. बाईंची सकाळ तेव्हा वीणाची आदली रात्र, म्हणून दर वेळची सुरुवात ठरलेली. बाई विचारत, तुझा अजून कालच चाललाय का? वीणा म्हणे, तुझ्या आजमध्ये काही विशेष असेल तर सांग, नाहीतर मी उद्या येतेच आहे तिकडे. मास्तरीण ती, बाईंच्या बोलण्यात कानडी आलं की लाल शाई काढायची. स्वल्प कशाला, थोडं म्हण, असं तिनं एकदा बजावलं. बाईंनी सुनावलं, स्वल्प म्हणजे थोड्याहून थोडं, तुम्हा पुणेकरांना इतकं कमी देता येतं पण त्याला शब्द नाही. त्यावर पलीकडून दोन ओळी भरून नुसतं हसू आलं होतं.

आणि सुनेवरून तर काय, रानच मोकळं. आमच्या सुनेच्या भाकरीला चार कोपरे असतात, वास्तू बघून थापते, असं बाई सांगत. पुण्याहून आली ती जिभेला धार लावून, विळीला लावायची राहिली. मुग्धा हे सगळं मान खाली घालून, एक अक्षर न गाळता लिहायची. एकदा फक्त तिनं विचारलं होतं, कोपरे चार लिहू की पाच.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी वीणानं काल-आजची थट्टा काढलीच नाही. तिनं विचारलं, खोलीत एकटी आहेस ना? बाईंनी सवयीनं सांगून टाकलं, इतक्या सकाळी माझ्याकडे कोण येतंय, लिही. मुग्धानं सासूकडे एकदा पाहिलं आणि लिहिलं, एकटी आहे.

मग एकामागून एक ओळी येत गेल्या, आणि मुग्धाचा आवाज बारीक होत गेला. वीणाचे यजमान रत्नाकर वर्षभर विसरायला लागले होते. बुधवारी स्वयंपाकघरात त्यांनी बायकोलाच चोर समजून काठी घातली. दंड काळानिळा झाला होता. शुभंकरला, म्हणजे मुलाला, तिनं बर्फावरून घसरले असं सांगितलं होतं. शेवटी तिनं लिहिलं होतं, "तू सुनेचं सगळं मला इतकं उघड सांगतेस, म्हणून धीर झाला. तूच सांग, मुलाला सांगू की नको?"

मुग्धाची बोटं कळांवर थांबली. बाईंचं उत्तर तयार होतं. शोधायलाही लागलं नाही, सहा वर्षं ते जिभेच्या मुळाशीच बसलेलं. कॉम्प्युटरच्या वर भिंतीवर बाईंच्या यजमानांचा, खंडोजींचा फोटो होता, चंदनाच्या हारातला. शेवटच्या वर्षी त्यांचंही डोकं असंच फिरलं होतं, आणि एका सकाळी त्यांनी तांब्याचा गडू फेकून बाईंची उजवी करंगळी मोडली होती. ती वाकडीच राहिली. जगाला बाईंनी सांगितलं, न्हाणीघरात घसरले. मुग्धाला, लग्न होऊन येऊन चारच वर्षं झालेली, सासरा ठाऊक होता तो हारातला, देवमाणूस. आता हे उत्तर कॅनडात पोचायचं तर आधी या पोरीच्या कानातून जायला हवं होतं.

बाईंनी हात मागे नेला आणि कॉम्प्युटरला जोडलेली फोनची वायर उपटली.

लाइन तर रोजच जाते, असं त्या मुग्धाकडे न बघता म्हणाल्या. मुग्धानं हळूच सांगितलं, "आई, भाकरीचं मी लिहिलं, कारण ती थट्टा होती. आज मात्र चोरून ऐकल्यासारखं झालंय मला." बाई फणकारल्या, तुझ्या कानांना कोणी आमंत्रण दिलं होतं? म्हणाल्या आणि त्यांनाच कळलं की स्टूल दर वेळी आपणच ओढून देतो.

त्या दिवसापासून बाईंना अन्न गोड लागेना. शनिवारी अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, दाण्यांची परात पुढ्यात घेऊन बसल्या. भिजवलेला दाणा चिमटीत दाबला की सालातून सुळकन बाहेर येतो. त्या दाबत होत्या आणि मनात पलीकडची बाई दिसत होती, लांब बाह्यांचा स्वेटर घालून, रिकाम्या पडद्यापुढे. आपल्याला तिनं काय मागितलं होतं, तर हो किंवा नाही. भिकाऱ्यालाही पुढे जा म्हणतो आपण, दार लावून आत बसत नाही. भीमसेननं, मुलानं, रात्री जेवताना विचारलं, आई, बरं नाही का? सरी आहे रे, बरं आहे सगळं, म्हणत त्यांनी ताट सारलं.

सोमवारी त्यांनी मुग्धाकडे कॅलेंडरचं मागचं कोरं पान नेलं. इंग्रजी अक्षरं मोठी काढून दे म्हणाल्या. मुग्धा एकेक अक्षर काढून त्याचा उच्चार सांगत गेली, आणि बाई त्याखाली आपलं दुसरीतलं कानडी अक्षर काढत गेल्या.

मंगळवारी वीणा आली. मुग्धानं वाचलं, "शुक्रवारी लाइन गेली. अर्धा तास बसले होते. मग वाटलं, नको ते बोलून गेले." बाईंनी सुनेचे हात बाजूला केले, पान मांडीवर घेतलं आणि एक बोट पुढे काढलं. वाकडी करंगळी भलत्याच कळांना लागे, की पुन्हा पुसा. पंधरा मिनिटांनी पडद्यावर एवढंच उभं राहिलं, मी लिहीत नाही, सून लिहिते.

बऱ्याच वेळानं उत्तर आलं, तीन वर्षं? बाईंनी हो लिहिलं. मग पलीकडून आलं, "आणि शुक्रवारची लाइन?"

टेलिफोन खात्यानं आजवर इतके शिव्याशाप खाल्ले होते, आणखी एकानं त्याचं काही बिघडलं नसतं. बाईंच्या ते मनात आलं, नाही असं नाही. बोट एका कळेवरून दुसरीवर फिरलं. मी तोडली.

पडदा तसाच राहिला. स्वयंपाकघरात कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. रस्त्यावरून भाजीवाली सोप्पूच्या, पालेभाजीच्या जुड्या ओरडत गेली. वीणा गेली, बाईंना वाटलं, आणि जायलाच हवी. मग मुग्धा एकदम पुढे वाकली आणि वाचू लागली, "तुझ्यावर राग आहे. तो आज बाजूला ठेवते, संपलेला नाही. सुनेला बसव. तू फार हळू लिहितेस, आणि हे कधी उठतील त्याचा नेम नाही. मुग्धा, तुझ्या भाकरीवर मी तीन वर्षं हसले, तेवढं पोटात घाल. भाग्या, शुक्रवारी विचारलं होतं त्याचं उत्तर दे."

बाई वेताच्या खुर्चीतून उठल्या. मुग्धाला खांद्याला धरून तिथे बसवलं आणि आपण स्टूल ओढून घेतलं. न्हाणीघरातून भीमसेनच्या तांब्याचा आवाज येत होता. त्यांनी उजवा हात सुनेपुढे धरला.

"लिही," त्या म्हणाल्या, "या करंगळीला न्हाणीघरानं काही केलेलं नाही."

मुग्धानं करंगळीकडे पाहिलं, मग वर फोटोकडे. मग ती लिहायला लागली.

"लिही, मुलाला सांग म्हणावं. मी नाही सांगितलं. आई घसरते म्हणून माझ्या मुलानं सुट्टी काढून तिथली फरशी उखडली, आपल्या हातानं खडबडीत दगड बसवला. आणि मी दारात उभी राहून त्याला बसवू दिला."