काठावरचं नाव

"हिच्यावर कितीक मानसं बसतीन?" यांनी विचारलं.

नांदुऱ्याच्या दुकानात शेखरने नुकताच लाल गालिचा माझ्यापुढे उलगडला होता. वर पिवळी फुलं, मऊ इतका की हात काढवेना. आणि आमचे हे कोपऱ्यातल्या निळ्या-काळ्या पट्ट्यांच्या सतरंजीला जाऊन चिकटले होते.

"चाळीसेक बसतीन, काका," शेखर म्हणाला.

"चाळीस? आपल्याले कायले चाळीस?" मी म्हणाले. "रविवारी आपल्या प्रेरणाले पाहाले येनार सहा जन. त्याहीले गालिचा नको का चांगला?"

"असू दे ना. मोठी बरी."

मोठी बरी म्हणे! एरवी हा माणूस नवा टॉवेल घ्यायला वर्ष लावतो.

मंगळवारी हे एकटेच अकोल्याला डॉक्टरकडे जाऊन आले होते. दोन महिने जेवण जात नव्हतं, पट्ट्याला खिळ्याने दोन नवी भोकं पाडली होती. काय म्हणाले डॉक्टर विचारलं, तर "काई नाई, गॅस हाय." आता गॅसचा कागद कुणी कुलपात ठेवतं का? आमच्या पत्र्याच्या पेटीला बावीस वर्षांत कुलूप लागलं नव्हतं. मंगळवारपासून लागलं, आणि किल्ली गेली यांच्या करदोड्याला. मी अंगणवाडी सेविका. मला कागद वाचता येतो हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

खरं सांगते, मी घाबरले होते. पोळ्या लाटताना, अंगणवाडीतल्या लेकरांची वजनं घेताना तेच डोक्यात. पण पुन्हा विचारायला जीभ उचलत नव्हती. यांनी आपल्या तोंडाने सांगावं, एवढंच मला हवं होतं.

हे सतरंजी उलटीपालटी करून बघत होते. वांग्यांचं कॅरेट भरतानासुद्धा खालचं वांगं वर घेऊन बघणारा माणूस.

"उन्हात अंगनात टाकली तं रंग जाईन का?" त्यांनी विचारलं. "दहा-बारा दिवस, सारखी?"

शेखरचा हात घडीवरच थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. सहा पाहुणे पोहे खाऊन तासाभरात जातात. दहा-बारा दिवस अंगणात सतरंजी कधी पडते, हे काय कुणी सांगायला हवं?

सासरे गेले तेव्हा आमच्याकडे धड अंथरायला नव्हतं. शेजारच्या सोजराबाईंनी सतरंजी दिली, आणि तिसऱ्याच दिवशी घरी लग्नाची सुपारी ठरली म्हणून मागून नेली. बसायला आलेली माणसं मग बारदानावर बसली. त्या दिवसानंतर यांनी कुणाची साधी कुदळही मागून आणली नाही.

"हीच बांध," हे म्हणाले. "आन् काठावर नाव टाकून दे."

गावात सतरंज्या या घरून त्या घरी फिरतात, अदलाबदल नको म्हणून काठावर मालकाचं नाव असतं. शेखरने पांढऱ्या रंगाचा डबा उघडला, ब्रश बुडवला.

"काय टाकू, काका?"

"शालूबाई."

मी बघतच राहिले. माझं नाव? आमच्या घरात तांब्यापासून फवारणीच्या पंपापर्यंत सगळ्यावर यांचं नाव, कडूबा.

"बरं," शेखर म्हणाला. "सौ. शालूबाई कडूबा, असं टाकतो."

"सौ. नको टाकू." हे खाली बघत होते. "मंग खोडत बसा लागते."

रस्त्यावरून एसटी गेली.

"कवापावतर म्हनले डॉक्टर?" मी विचारलं.

"होळीपावतर."

"आन् तुमी मले गॅस सांगून राह्यले?"

"रविवार होऊन जाऊ दे म्हनलं. पोरीचं..."

राग आला मला. असा आला की ती सतरंजी टराटरा फाडावी. चार दिवस हा माणूस स्वतःचं मरण एकटा वागवत होता, आणि माझं कपाळ पुसून टाकायलाही एकटाच निघाला होता!

"शेखर, सौ. टाक," मी म्हणाले. "मोठं टाक. दुरून दिसलं पाह्यजे."

शेखरने यांच्याकडे पाहिलं.

"त्याहीले काय पायतं? मी जितं मानूस उभी हावो ना इथं! रविवारचे पाहुने बी याच्यावरच बसतीन."

शेखरने लिहिलं. अक्षर वाकडं आलं. मग सतरंजी दाराशी उन्हात नेऊन पसरली. रंग वाळायला अर्धा तास, म्हणाला.

हे हळूच उकिडवे बसले, अक्षरांपाशी तोंड नेलं आणि फुंकर घालायला लागले. थोडं फुंकायचं, थांबायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा फुंकायचं. दम लागत होता. मी त्यांना पुरे म्हटलं नाही.