जात्याची चाल

रुख्माबाईनं सिलोनमधल्या विहाराबाहेर चपला काढून रांगेत सगळ्यांच्या शेवटी ठेवल्या आणि पाय धुवायला ती वाकली, तोच प्रेमलाल गुरुजी जवळ आले. त्यांच्या घशातून आवाज निघत नव्हता. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, डोळे मोठे केले आणि पुढे गेले.

गुरुजींचा आवाज बोटीतच राहिला होता. रामेश्वरहून निघताच समुद्र खवळला आणि वारासिवनीच्या शाळेत तीन वर्ग एकट्यानं गप्प बसवणारा हा माणूस कठड्याला धरून साडेतीन तास ओकत राहिला. सिलोनला उतरले तेव्हा घसा पार बसलेला. बाकीचे बावीस यात्रेकरू मात्र ठणठणीत होते, ही गोष्ट गुरुजींना फारच लागली होती.

ओठांवरच्या बोटाचा अर्थ रुख्माबाईला नवा नव्हता. वारासिवनीच्या विहारात गुरुजी पुस्तकातून वंदना सांगत आणि सगळे मागून म्हणत. रुख्माबाईला अक्षरओळख नव्हती. ऐकलेलं ती पहाटे जात्यावर घोळवायची. पालीतलं अख्खं महामंगलसुत्त तिनं असंच पाठ केलं, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. पण त्याला चाल लागली ती जात्याची. विहारात तिचा आवाज चढला की पोरी फिदीफिदी हसत आणि गुरुजी पुस्तकावरून बघत.

"रुख्माबाई, हे दळण नोहे," ते म्हणत. निघतानाही त्यांनी बजावलं होतं, "तिकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या म्हणून राह्यले. त्यायच्यापुढे तुमी मनातल्या मनात म्हणा. आपलं हसं नको."

ती हौ म्हणाली होती. पण डोमाजीला, म्हणजे नवऱ्यालाही ती हौ म्हणून आली होती. यात्रेत नाव त्याचं होतं. बैलबंडीवरून पडून पाय मोडला आणि त्यानं आपली जागा तिला दिली. स्टेशनवर खिडकीशी कुबडी टेकून उभा राहिला तेव्हा एकच बोलला, "माह्या वाटचं मोठ्यानं म्हणजो. त्या झाडाले आयकू गेलं पाह्यजे."

आता ते झाड, तो बोधिवृक्ष, समोर होतं. सोनेरी कठड्याआड, टेकू दिलेल्या फांद्यांचं, आणि भोवती पांढरी रेती. गाइड सिरिपाल मद्रासला शिकलेल्या हिंदीत सांगत होता, "यह पेड़ भारत से आया. नाव में. एक औरत लाई, अशोक राजा की बेटी. आप भी भारत से आए. एक सुत्त बोलिए. दस मिनट."

पांढऱ्या कपड्यांतली तिथली माणसं थांबली. भारतातले बौद्ध कसे म्हणतात, हे त्यांना ऐकायचं होतं. गुरुजींनी पुस्तक उघडलं, तोंड उघडलं. नुसती हवा आली. त्यांनी खाकरून पुन्हा जोर केला, तरी हवाच. मग पुस्तक वसंताच्या हातात गेलं. तहसीलमधला हा कारकून दिवसभर कागद वाचतो, पण दुसऱ्या ओळीला अडखळला, तिसरीला लाल झाला.

"गुरुजी, आमी तं मागूनच म्हणतो," तो पुटपुटला. "पुढून कधी म्हटलं?"

कुणीच म्हटलं नव्हतं. बावीस माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली.

रुख्माबाई एक पाय लांब करून रेतीत बसली. हात जोडले आणि सुरू झाली. पहिली ओळ थरथरली, दुसरीही. तिसऱ्या ओळीला चाल सापडली आणि मग तिला मागं बघायची गरज उरली नाही. मोठ्यानं म्हणाली, अगदी मोठ्यानं. डोमाजीच्या वाटचंही त्यातच होतं.

कुणी हसलं नाही. शब्द ओळखीचे होते, तिथल्या बायका एकेक करून त्यात मिसळू लागल्या. त्यांची चाल वेगळी, पण त्यांनी ती सोडली आणि हिची धरली. एक म्हातारी पुढे येऊन शेजारी बसली. म्हणता म्हणता तिची मूठ रेतीवर गोल गोल फिरू लागली. रुख्माबाईनं ते पाहिलं आणि आनंदानं तिचा ऊर भरून आला.

शेवटी सगळं अंगण एकदम "साधु, साधु, साधु" म्हणालं. म्हातारीनं तिचे हात धरून काहीतरी विचारलं.

"पूछती हैं, आपके घर में पत्थर की चक्की है?" सिरिपाल म्हणाला.

"हौ! सासूच्या येळची हाय."

"इनके घर भी है. सास की."

दोघी हसत सुटल्या. गुरुजी पुस्तकाची पानं चाळत उभे होते. सिरिपालनं दिलेली दहा मिनिटं कधीच उलटून गेली होती.

तिसऱ्या दिवशी, कँडीत, गुरुजींचा घसा सुटला. विहारापुढे सगळ्यांना बसवून ते नेहमीसारखे समोर उभे राहिले, चष्मा पुसला, पुस्तक उघडलं आणि महामंगलसुत्त सुरू केलं. दोनच ओळी झाल्या आणि वसंतानं चमकून वर पाहिलं. बायकांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं. गुरुजींची नजर पुस्तकातच होती, कानशिलं मात्र लाल झाली होती. चाल जात्याची होती.

रुख्माबाईनं पदर सारखा केला.

"गुरुजी, जराक हळू घ्या," ती म्हणाली. "एवढ्या घाईनं भरडल्या जाते, दळल्या नाही जात."