हातासरशी

आमच्या घरात ‘हातासरशी’ हा शब्द फार लाडका. उठलीच आहेस तर हातासरशी पाणी आण. चहा ठेवतेसच तर हातासरशी दूध तापव. हात माझे दोनच, पण घर सगळं त्यांच्या सरशी.

कोपऱ्यावरच्या शिलाईच्या दुकानातल्या ताईंनी बोलावलं. “दुपारची येत जा. बाळाच्या आधी कॉलर काय सुरेख बसवायचीस! उद्या संध्याकाळपर्यंत सांग, नाहीतर मी दुसरी बघते.”

मला जायचं होतं. फार जायचं होतं.

जेवताना विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, “आणि दुपारची कामं गं?”

“दुपारी कसली कामं?” नवरा हसला. “बाळ झोपतं, ही झोपते.”

“उद्या सुट्टी आहे ना तुला?” मी त्याला म्हटलं. “मग उद्या मला कुणी ‘हातासरशी’ म्हणायचं नाही. एका वेळी एकच काम करणार मी.”

“एवढंच ना!”

सकाळी त्याला चहा दिला. “साखर?”

“चहा म्हणालास. साखर कुठे म्हणालास?”

सासूबाई फिसकन हसल्या. मग मी बाळाला अंघोळ घालायला बसले आणि तिकडे त्याने तापत ठेवलेलं दूध उतू गेलं. ओटा त्यानेच पुसला. दुपारी बाळ झोपलं, तेव्हा तो ओल्या झबल्यांची बादली घेऊन दोरीपाशी उभा होता. “पोर वीतभर, कपडे किती! हे रोज असतं?”

“रोज.”

सासूबाई भाजी निवडता निवडता थांबल्या. “मला मेलीला कुणी कधी विचारलंच नाही, दुपारी काय करतेस म्हणून.” जरा वेळाने मुलाकडे वळल्या. “बाळाची दुपार माझी. सकाळची भांडी तुझी.”

“कामावर जायच्या आधी? मी?”

“दात घासतोसच ना? मग हातासरशी भांडीही घास.”

मी पदर खोचला आणि ताईंना होकार द्यायला तशीच धावले.

दुसऱ्या दिवशी मशीनवर बसले, तर पहिल्याच कॉलरचं टोक बोथट आलं. ताईंनी चष्म्यावरून पाहिलं. “उसव. घाई नाही.”

घाई नाही! हे मला शेवटचं कुणी म्हटलं होतं, आठवेना. कात्रीचं टोक दोऱ्याखाली सरकवलं आणि एकेक टाका सावकाश सोडवू लागले.