दोन कार्बोरेटरची गाडी

मधुकररावांना ऐकू कमी येतं, हे फक्त त्यांच्या बायकोला, दुर्गाबाईंना माहीत होतं. कारध्याला हायवेलगत त्यांचं गॅरेज होतं, चाळीस वर्षांचं. इंजिनाच्या आवाजावरून रोग सांगणारा मिस्त्री म्हणून नाव होतं. आधी उजवा कान गेला, मग डावाही जाऊ लागला. गिऱ्हाईक बोलायला लागलं की ते त्याच्या ओठांकडे बघत आणि उरलेलं अंदाजाने भरून काढत. घराबाहेर ही गोष्ट त्यांनी कुणाला कळू दिली नाही.

मार्चमध्ये आंधळगावचा भूषण टेम्पोत घालून आपल्या वडिलांची राजदूत साडेतीनशे मोटरसायकल घेऊन आला. भूषण विणकर, घरच्या हातमागावर कोशाच्या रेशमाच्या साड्या विणायचा. वडील गेल्यापासून नऊ वर्षं गाडी परसात उभी होती. दोन सिलिंडर, आणि त्यांना पेट्रोल-हवेचं मिश्रण देणारे दोन कार्बोरेटर.

"नागपूरवाला म्हणते, हे कार्बोरेटर फेकून दे," भूषण म्हणाला. "मले माहीत आहे, तुमीच करू शकता, काका."

शेवटचे शब्द मधुकररावांनी ओठांवरून नीट वाचले. "ठेव," ते म्हणाले.

कार्बोरेटर उघडले तेव्हा आत पेट्रोल वाळून डिंकासारखं चिकटून बसलं होतं. एकही भाग जागचा हलेना. त्यांनी दोन्ही थिनरमध्ये भिजत घातले. तिसऱ्या दिवशी कुठे पेट्रोल सोडणारे पितळी जेट सुटले. त्यांची भोकं राईच्या दाण्याहून बारीक, आणि सगळी बुजलेली. मधुकररावांनी तांब्याच्या वायरीतली एकच तार घेऊन ती मोकळी केली, उजेडाकडे धरून पाहिली, पुन्हा केली. सांध्यांत बसणाऱ्या गॅस्केट जाड कागदातून स्वतः कापल्या. ह्या कामाला कान लागत नव्हते. आठ दिवस ते खुशीत होते. दुर्गाबाई चहा घेऊन आल्या की एकेक भाग तळहातावर ठेवून दाखवत. "पाय, कसं सोन्यासारखं झालं."

नवव्या दिवशी गाडी चौथ्या किकला सुरू झाली. धुराने गॅरेज भरलं. आता दोन्ही बाजू सारख्या चालतात की नाही ते पाहायचं होतं, आणि ते काम आवाजावरच होतं. इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा कधीचाच बंद पडला होता. मधुकररावांनी टाकीवर हात ठेवला. थरथर एकसारखी वाटली. त्यांनी रेस दिली, सोडली, पुन्हा दिली.

दुर्गाबाई दारात उभ्या होत्या. त्या जवळ आल्या आणि त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाल्या, "तुमी हात सोडता, तरी आवाज लगेच खाली येत नाई. वरच राहते थोडा वेळ."

"काय?"

"लगेच खाली येत नाई म्हणते मी!"

मधुकररावांना नीट कळलं. असा आवाज म्हणजे इंजिन कुठूनतरी जास्तीची हवा ओढतंय. एखादा पोऱ्या असं बोलला असता तर त्यांनी तिथेच गाडी उघडली असती. पण आजवर ज्या बाईने पाना हातात धरला नाही, तिने त्यांना इंजिनाचा आवाज सांगावा!

"चाळीस वर्सं हेच करून राहिलो मी," ते म्हणाले. "तुले काय समजते त्यातलं?"

दुर्गाबाईंनी कप उचलले आणि आत गेल्या.

खरं तर गाडी चार-पाच मैल जोरात पळवून, प्लग काढून त्यांचा रंग बघायला हवा होता. पूर्वी ते हे केल्याशिवाय गाडी देत नसत. पण मागून येणारा ट्रक ऐकू येत नाही म्हणून दोन वर्षांपासून त्यांनी हायवेवर गाडी घालणं सोडलं होतं. त्यांनी गाडी जागेवरच चालू ठेवून प्लग पाहिले. रंग ठीक वाटला. संध्याकाळी भूषण आला, पाया पडला आणि गाडी घेऊन गेला.

रविवारी तो बहिणीकडे, मेघाकडे, लाखनीला निघाला. गावाच्या अलीकडे, सत्तरच्या वेगात, डावा पिस्टन तापून जागीच अडकला आणि मागचं चाक थांबलं. भूषण गाडीसकट घसरत गेला. उजव्या गुडघ्याचा चुरा झाला.

मधुकरराव ऑटो करून गाडी पाहायला गेले. ती एका ढाब्यामागे पडली होती. त्यांनी डावा प्लग काढला. तो चुन्यासारखा पांढरा निघाला, इंजिन जास्त तापल्याची खूण. मग कार्बोरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या रबरी नळीखालून बोट फिरवलं. केसाएवढी चीर होती; जास्तीची हवा तिथूनच शिरत होती. सगळं साफ करून त्यांनी नळी तेवढी जुनीच बसवली होती. तिथेच, ढाब्याच्या खरकट्या पाण्याशेजारी, ते बराच वेळ उकिडवे बसून राहिले.

तीन आठवड्यांनी ते दुर्गाबाईंना घेऊन एसटीने आंधळगावला गेले. खोलीत मागावर अर्धी साडी तशीच होती. भूषण खाटेवर होता. "डॉक्टर म्हणते, गुडघा आता वाकत नाई," त्याची आई शकुनबाई दुर्गाबाईंना म्हणाली. "माग तं पायानं चालते, बाई. पट्ट्या कोण दाबन?"

मधुकरराव उभेच राहिले.

"गाडीचा दोष नव्हता, भूषण. मले आयकू येत नाई. दोन-तीन वर्सं झाले. हिनं सांगितलं होतं आवाज बराबर नाई म्हणून. मी आयकलं नाई."

भूषणने मान खाली घातली. मग हळू आवाजात म्हणाला, "तुमी नसतं सांगितलं तं बरं होतं. आतापरेंत मी नशिबाले दोष देऊन राहिलो होतो." आणि त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

मधुकररावांना काही ऐकू आलं नाही. ओठही नीट दिसले नव्हते. त्यांनी दुर्गाबाईंकडे वळून विचारलं, "काय म्हणला तो?"



"चहा घेऊन जा म्हणते," दुर्गाबाई म्हणाल्या.

चहा कुणी मांडला नाही. शकुनबाई पदर तोंडाला लावून मागाकडे पाहत होती. मधुकररावांनी एकदा भूषणच्या पाठीकडे पाहिलं, एकदा बायकोच्या चेहऱ्याकडे, आणि पुन्हा विचारलं नाही. बाहेर येऊन त्यांनी चपला घातल्या. बस यायला दीड तास होता. दोघं स्टॉपवर उन्हातच उभे राहिले.