हुलग्याच्या माडग्याचा डाव

मी एक जुना पितळी डाव आहे, पंगतीत वाढायचा. मित्रांनो, माझ्या दांड्याला पोक आलं आहे ते वयाने नाही. एका लग्नात दोन व्याह्यांनी मला हाणामारीसाठी वापरलं, त्याची ती खूण.

वैरागच्या तांबटाने मला घडवलं. मी बासुंदी वाढायचो आणि ताठ्यात असायचो. मग दगडाबाई नावाच्या एका बाईने मला सोलापुरात गिरणीच्या चाळीत आणलं आणि थेट हुलग्याच्या, म्हणजे कुळथाच्या पिठाच्या, पातळ माडग्यात बुडवलं. मला तो मोठा अपमान वाटला.

चाळीतल्या बाया भोंग्याला कामावर जात आणि मागे लेकरं चहाभाकरीवर दिवस काढत. सावित्रम्माची लेक नरसम्मा तर तीन वर्षांची झाली तरी उभी राहत नव्हती. म्हणून दगडाबाईने ठरवलं, घरटी मूठभर हुलग्याचं पीठ घ्यायचं आणि रोज सकाळी सगळ्या लेकरांना माडगं पाजायचं. टांगेवाला गुरप्पा हसला.

"हुलगा घोड्याचा खुराक हाय. लेकरास्नी टांग्याला जुंपताय व्हय?"

"तुजं घोडं पळतंय की," दगडाबाई म्हणाली. "आमची लेकरं उबीबी ऱ्हाईनात."

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. मीठ हातात दिलं की भांडण होतं असा समज, म्हणून दगडाबाईकडे कुणी ते दिलं नाही. ती सरपण आणायला गेली तेवढ्यात नऊ जणींनी आपापल्या हाताने, एकमेकींच्या नकळत, हंड्यात मूठमूठ मीठ टाकलं. पहिला घोट घेताच लेकरांनी तोंडं वाकडी केली. बाया कुजबुजल्या, उद्यापासून पीठ देणं नको. मला तर वाटलं, सुटलो एकदाचा.

पण नरसम्मा सरपटत आली, मला चाटू लागली आणि आणखी मागू लागली. गुरप्पाने ते पाहिलं. त्याने घोड्याचं हुलग्याचं पोतं आणून ओतलं. बायांनी भराभर दळलं, पाणी वाढवलं. खारटपणा जाईपर्यंत एकाचे चार हंडे झाले! मग शेजारच्या तिन्ही चाळींतली लेकरं बोलवावी लागली. उपाशी घोडा त्या दिवशी हलेना, गुरप्पा पायीच घरी गेला.

ती सगळी लेकरं दुसऱ्या दिवशीही आली, रोज येत राहिली आणि चारही चाळींतून पिठाच्या मुठी येऊ लागल्या. दिवाळीला नरसम्मा माझा दांडा धरून उभी राहिली. बासुंदीत मला असं सुख कधी मिळालं नव्हतं.

मित्रांनो, आता मला घासूनपुसून खुंटीवर टांगतात. तसं करू नका, मला कामाला लावा. आणि वाढताना वरवर फिरवू नका. दाट असतं ते तळाशी, ते रांगेतल्या शेवटच्या लेकराच्या वाटीतही पडू द्या.