वापरून परत

सासूबाईंचं आयुष्य शिवणयंत्रावर गेलं. शाळा तिसरीतच सुटली, पण लग्नात मिरवून परत आणलेला कोट त्या नुसत्या वासावर ओळखत. गिऱ्हाईक म्हणायचं, अंगाला बसत नाही. त्या कॉलर नाकाशी धरायच्या आणि कोट त्याच्याच अंगावर फेकायच्या.

सून शिक्षिका, बावीस वर्षांची नोकरी. मुलं कमी झाली म्हणून तिची शाळा बंद पडली आणि शिक्षण खात्याने तिला 'अतिरिक्त' ठरवून दुसऱ्या शाळेत पाठवलं. सासूबाईंना तो शब्द शिवीसारखा लागला. नियम असा, की नव्या शाळेत तिचा पहिल्या वर्षाचा पगार खातं देणार, दुसऱ्या वर्षापासून तो शाळेच्या निधीतून जाणार. वर्षभर तिथल्या मुख्याध्यापकांनी तिला डोक्यावर घेतलं. गणितात कच्ची असलेली सगळी मुलं तिच्या गळ्यात मारली, आणि तिने ती वर काढली. वर्ष संपायला आठ दिवस उरले तसा त्यांनी कागद पुढे केला: या शाळेच्या गरजांशी मी जुळत नाही, स्वखुशीने दुसरीकडे जाऊ इच्छिते. खाली सहीची जागा. सही केली की पुन्हा दारोदार.

"कुठे भांडत बसायचं, आई," म्हणत सून घरी पेन शोधायला लागली.

सासूबाईंनी अक्षराला अक्षर लावत कागद वाचला. 'स्वखुशीने'पाशी त्यांचं तोंड कडू झालं.

दुसऱ्या दिवशी दोघी मुख्याध्यापकांसमोर बसल्या. चहा आला. कपाटावर गणिताच्या स्पर्धेची नवी ढाल चकाकत होती. मॅडमबद्दल तक्रार नाही, साहेब गोड आवाजात सांगत होते, पण त्यांच्या पगारात शिकवायला दोन नवख्या मुली येतात, निधी तेवढाच, मी तरी काय करू.

"साहेब, कोट चांगला होता की नाही, तेवढं सांगा."

"म्हणजे?"

"वर्षभर फुकट घालून मिरवलात. ढालही लावलीत कपाटावर. आता बसत नाही म्हणता? कॉलरला घाम तुमचाच आहे."

साहेबांनी त्यांना सोडलं आणि सुनेकडे वळले. सही नसेल तर मला खात्याला तुमच्याबद्दल लेखी कारण द्यावं लागेल, म्हणाले. धमकीच ती.

"द्या ना सर," सून म्हणाली. "खरं काय ते लिहा."

"पगाराचं कारण खातं चालवून घेत नाही, मॅडम."

"मग मी इथेच राहते."

साहेबांचा गोडवा उतरला. वर्ग मिळणार नाही, जुन्या पुस्तकांच्या खोलीत बसावं लागेल, असं त्यांनी बजावलं. बसेन, म्हणाली सून. तिने पेनाला टोपण लावलं.

सासूबाई उठल्या. चहावर साय धरली होती. त्यांनी कप दोन बोटांनी, मेलेलं झुरळ सरकवावं तसा, साहेबांच्या कागदांकडे सरकवला.

फाटकापाशी त्यांच्या तोंडात थुंकी दाटून आली होती. समोर मुलं रांगेत उभी होती, म्हणून त्यांनी ती गिळली.