बस भरेपर्यंत शिवलेली बॅग

बोआतेमा मावशीच्या दुकानात आपला माल लागणं म्हणजे लेक मोठ्या घरी पडण्यासारखं होतं. कुमासीच्या बसस्टँडला खेटून असलेलं दुकान एवढंसं, दोन गिऱ्हाइकं आत शिरली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. पण गावोगावच्या शनिवारच्या अंत्यविधींना निघालेली माणसं दर शुक्रवारी बॅग घ्यायला तिथंच येत, कारण मावशी स्वतः छळून पाहिल्याशिवाय काही विकत नसे.

त्या शुक्रवारी छळवादाला आली होती आफ्रियेची बॅग. ट्रकांवरून उतरलेल्या जुन्या ताडपत्रीची, पट्टे टायरच्या ट्यूबचे. नवं असं त्यात दोरा आणि चेन तेवढीच. या बॅगेपायी आफ्रियेनं वर्षापूर्वी शिंप्याकडची नोकरी सोडली होती. "चिंध्या विकून कुणी मोठं झालंय का? सोमवारी ये, गणवेश शिवायला बाई हवीच आहे," असं तो शिंपी कालच दारात येऊन हसत सांगून गेला होता. गाठीला काही उरलं नव्हतं. मावशी 'नाही' म्हणाली की सोमवारी त्या हसण्यासमोर मान खाली घालून बसायचं, हे आफ्रियेला पक्कं ठाऊक होतं.

मावशीला स्वतःलाच मामेभावाच्या अंत्यविधीसाठी तेचिमानला जायचं होतं. तिनं आपलं सगळं सामान नव्या बॅगेत कोंबलं. चार दांडगे याम कंद, सुके मासे, तिखटाची बरणी, घडी घातलेलं दुखवट्याचं काळं-तांबडं लुगडं. मग बॅग खडीवरून फरफटत नेली. वर बादलीभर पाणी ओतलं. शेवटी ती बॅगेवर बसली, आणि मावशीचं बसणं ही काही साधी गोष्ट नव्हती.

शिवण उसवली नाही, की थेंब आत गेला नाही.

आफ्रियेला हर्ष मावेना. "आणखी कुणाला तपासायला द्यायची त्याला द्या, मावशी!" ती फुशारून म्हणाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"सानातू!" मावशीनं हाळी दिली.

सानातू स्टँडवरची जुनी हमालीण. उत्तरेकडून आलेली, वीस वर्षं डोक्यावर ओझी वाहिलेली. तिनं डोक्यावर चुंबळ ठेवली, बॅग चढवली, चार पावलं चालली आणि बॅग खाली ठेवून दिली.

"काय झालं?" आफ्रियेनं विचारलं.

"बसत नाही. नाचते वर. बुडाला काय घातलंयस?"

"फळी. दुकानात ऐटीत उभी राहावी म्हणून."

"मग दुकानातच उभी कर. माझ्या डोक्यावर कशाला आणलीस?"

आजूबाजूचे ड्रायव्हर फिदीफिदी हसले. आफ्रियेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लहानपणी तिनं स्वतः डोक्यावरून पाण्याचे हंडे वाहिले होते. शहरातल्या मोठ्या दुकानाच्या काचेआड चाकांच्या बॅगा कशा ताठ उभ्या असतात ते पाहून आली, आणि आपल्या बायका ओझं कुठं ठेवतात हेच विसरली!

"शुक्रवारी बाईच्या पाठीवर पोर असतं, हातात जेवणाचा डबा," मावशी म्हणाली. "उरतं काय? डोकं. ने ही बॅग परत."

"मला वेळ द्या."

"माझी बस सुटेल."

"बस कधी सुटणार?"

"भरली की."

आफ्रियेनं बसकडे पाहिलं. "किती राहिल्या?" ती कंडक्टरवर ओरडली.

"अकरा!"

"अकरा जागा द्या मला, मावशी. एवढंच."

मावशीनं ओठ मुडपले; पण नाही म्हणाली नाही.

आफ्रियेनं यामबिम सगळं जमिनीवर ओतलं आणि बुडाची शिवण टराटरा उसवली. फळी भिरकावून दिली. पंक्चरवाल्याकडून जुनी ट्यूब मागून आणली, उभी चिरली, दुहेरी केली. दाभण तिच्या खिशात कायमच असायचा. ट्यूब तिनं ताणून नाही शिवली, मुद्दाम सैल सोडली, चुंबळीवर टेकली की तिचा आकार घेईल इतकी. बोटाला दाभण लागला, रक्त आलं, तिनं ते फ्रॉकला पुसलं.

"पाच!" कंडक्टर ओरडला.

"अरे, जरा हळू भर की!" हा आवाज सानातूचा. मघाशी हसणारा एक ड्रायव्हर दोन प्रवाशांना उगाच बोलण्यात गुंतवून केळीवालीपाशी अडवून बसला.

"एक! एकच राहिली! कोण येतंय?"

आफ्रियेनं दोरा दातानं तोडला. सामान भरलं. सानातूनं बॅग उचलून चुंबळीवर ठेवली आणि दोन्ही हात सोडले. चालली. गटार ओलांडलं. वाकून केळ्यांचा घड उचलला, भाव पाडून घेतला, केळं सोलून खाल्लं. बॅग तसूभर हलली नाही.

"सानातू, अगं बोल की काहीतरी!" आफ्रियेचा जीव टांगणीला लागला होता.

"तोंडात केळं आहे," सानातू म्हणाली. घास गिळून ती मावशीकडे वळली. "मावशी, वीस वर्षांत पहिली बॅग बघतेय, जी माझ्या डोक्याला विचारून शिवलीय."

बसच्या खिडक्यांतून माना बाहेर आल्या. "कुठं मिळते हो ही?" एका बाईनं विचारलं.

मावशी बसपाशी गेली, शेवटच्या जागेचं तिकीट घेतलं. कंडक्टर बॅग घेऊन टपाच्या शिडीवर चढला आणि बाईमाणसाचं सामान म्हणून जपून ठेवू लागला.

"अरे, गोंजारतोस काय तिला?" खालून मावशी गरजली, साऱ्या स्टँडला ऐकू जाईल अशी. "आपट खुशाल! माझ्या दुकानातली बॅग आहे ती!"

आफ्रिये मटकन जमिनीवर बसली आणि भर स्टँडवर, सगळ्यांदेखत, हसत हसत रडली.